जात्यावर कोंडीबा

गिरणीत संप सुरू झाला आणि आमच्या चाळीतल्या कोंडीबाचे हात बिथरले. सगळी उमर माग चालवलेला माणूस! आता ताटावर खटखट, उंबऱ्यावर खटखट, माझ्या भरल्या घागरीवरसुद्धा. बोलायचा तेही मागाच्या ठेक्यात, हिसके देत. आम्हाला हसू यायचं. त्याची बायको सोजरबाई मात्र हसत नव्हती. हा गडी पोटासाठी नाही, नुसत्या त्या खडखडाटासाठी संप मोडून आत जाणार, हे तिनं ओळखलं होतं. आणि एकदा गेला की चाळीत त्याला कुणी पाणीही विचारणार नव्हतं.

त्या सकाळी भोंगा झाला. संपातही मालक तो मुद्दाम वाजवायचे, मेले. कोंडीबानं टोपी घातली. सोजरबाई जात्यावर ज्वारी घेऊन बसली होती. ती उठली आणि तिनं आतून कडी लावली.

"कुटं निगालात? हितं बसा. खुंटा धरा."

बाप्यानं जात्याला हात लावायचा नाही, हे आमच्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. कोंडीबा चिडला, पुटपुटला, पण हात शिवशिवत होते. बसला, आणि मागाच्याच वेगानं फिरवायला लागला. पीठ कसलं, नुसती भरड पडली. सोजरबाईनं खुंट्यावर आपला हात ठेवला आणि गळा मोकळा केला:

हळू फिर रं जात्या, संगं बसला घरधनी,
पळती हात त्याचं, धरिते मी गाण्यानी.

ओवी जागच्या जागी जुळवलेली, ओबडधोबडच. पण चाल संथ होती. कोंडीबा दोनदा पुढं धावला, दोनदा तिनं मागं ओढला. मग हात सुराला लागले, पीठ मऊ पडू लागलं, आणि गडी चक्क तिच्या मागून गायला लागला. मी दाराच्या फटीला डोळा लावून होते, खोटं कशाला बोलू?

जात्यावर बाप्याचा आवाज ऐकून अर्धी चाळ दारात जमली. तेवढ्यात मौलाली आला, तोही मागावरचाच. गिरणीच्या फाटकावर संपाचा पहारा त्याच्याकडं होता आणि कोंडीबा फुटणार, असं कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं. त्यानं कडी वाजवली. सोजरबाईनं दार उघडलं.

कोंडीबाच्या मिशांना पीठ, हातात खुंटा. बायका तोंडाला पदर लावून फिदीफिदी हसल्या. त्याची मान खाली गेली. आता हा उठून थेट गिरणीत जाणार, असं मला वाटलं.

मौलालीनं चपला काढल्या.

"वैनी, सरका जरा," तो म्हणाला. "माजं बी हात लई छळाय लागल्यात."

कोंडीबानं खुंट्यावर त्याला जागा करून दिली.