डोळ्यांदेखतची धार

आकारामने म्हशीची कास कोमट पाण्याने पुसली, कासंडी गुडघ्यांत धरली आणि सडावर बोटं ठेवून तो तसाच थांबला. संध्याकाळचे सहा वाजत आले होते. दूधकट्ट्यावर गिऱ्हाईक जमू लागलं होतं. डोळ्यांदेखत धार काढून ग्लास हातात द्यायचा, ही इथली रीत. म्हणून तर लोक शाहूपुरीतून वाट वाकडी करून येत.

काल सकाळी या म्हशीला इंजेक्शन दिलं होतं. एक सड सुजला होता. औषध दुधात उतरतं, तीन दिवस कुणाला पाजू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. काल आकाराम गुमान घरी बसला. आज सूज ओसरलेली दिसली आणि त्याचं मन चळलं. दूध पांढरंशुभ्र होतं, औषध काय कुणाला दिसणार? शिवाय गिऱ्हाईक एकदा शेजारच्या सयाजीकडे गेलं की गेलंच, ही धास्ती होतीच.

"काल कुठं गेलतास रं?" महावीरशेठ आले. सोबत त्यांची लेक आदिती, बाळंतपणाला माहेरी आलेली. शेठ तिला म्हणाले, "पोरी, दूध प्यावं तर ह्याच्या हातचं. वीस वर्षांत पाण्याचा थेंब न्हाय. डोळं झाकून पी."

एरवी असं कुणी म्हटलं की आकारामचा हात आपसूक मिशीवर जाई. आज तोच हात सडावरून मागे आला. शेठनी चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याने खुशाल ग्लास भरला असता!

तो उठला. "शेठ, आज माझं दूध नगं. म्हशीला सुई दिलीया. लेकीला तर अजिबात नगं."

"मग म्हस हितं आणलीस कशाला?"

"दूध इकायलाच आणलीती की."

बोलून गेला आणि त्याचे कान तापले. आता आपली अब्रू चव्हाट्यावर, असं त्याला वाटलं. शेठनी एकवार म्हशीकडे पाहिलं.

"बरं. मग कवा येऊ?"

"परवा या."

"येतो."

एवढंच. आकारामच्या उरावरचा धोंडा उतरला. हे आपण चांगुलपणाने केलं की नावाला भिऊन, ते त्याला सांगता आलं नसतं. पण इतकं मोकळं वाटलं की म्हशीच्या पाठीवर त्याने दोन थापा मारल्या आणि तो कट्ट्यावर टेकला.

शेठ लेकीला घेऊन दोन पावलांवर सयाजीकडे वळले. सयाजीने ग्लास घेतला, म्हशीखाली धरला आणि हात आवरला. मग त्याने ग्लास पालथा घातला.

"आकाराम," खाली बघतच तो म्हणाला, "माझ्या म्हशीला बी आज सकाळीच सुई दिलीया. किती दिवस म्हणाला रं डॉक्टर?"

"तीन," आकाराम म्हणाला, आणि त्याला बसायला कट्ट्यावर जागा करून देत सरकला.