दोघा स्ट्रातिसांचं देणं

भांडी धुण्याचं मशीन मी आयुष्यात कधी भाड्याने घेतलेलं नाही. आमच्या घरी ते काम मीच करतो. तरी माझ्या क्रेडिट रिपोर्टवर कुठल्याशा डायनरच्या, म्हणजे छोट्या हॉटेलच्या, मशीनचे सहा हजार आठशे चाळीस डॉलर थकलेले दिसत होते, आणि त्यापायी बँकेने माझ्या मुलीचं, कातिनाचं, कर्ज अडवून धरलं होतं. तिला इथेच, लोवेलमध्ये, लहानशी बेकरी काढायची होती. सहकर्जदार म्हणून माझी सही हवी होती. जागेचा मालक वर्षअखेरपर्यंतच थांबणार होता.

मी रीतसर हरकत घेतली. महिन्याने क्रेडिट ब्यूरोचं उत्तर आलं: नाव जुळतं, जुना पत्ता जुळतो, सोशल सिक्युरिटी नंबरही एक आकडा सोडला तर जुळतो, तेव्हा देणं तुमचंच. एक आकडा सोडला तर! मी डोक्याला हात लावला. चूक कुणाची ते मला पक्कं ठाऊक होतं. आजोबांची.

आमच्या ग्रीक लोकांत पहिल्या नातवाला आजोबांचंच नाव ठेवतात. आजोबांना मुलगे दोन, दोघांनाही पहिला मुलगाच झाला, आणि माघार कोणीच घेईना. म्हणून स्ट्रातिस व्हामवाकास मी, आणि माझ्याहून चाळीस दिवसांनी लहान माझा चुलतभाऊ, तोही स्ट्रातिस व्हामवाकास. राहायचो एकाच घरात, ते वर आणि आम्ही खाली. आजीने हाक मारली की एक तर दोघं धावायचो नाही तर दोघं लपायचो. शेवटी वैतागून तिने त्याला लांब्या केलं आणि मला बुटक्या. आम्ही चौदा वर्षांचे झालो तेव्हा आजोबा आम्हाला एकाच दिवशी सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत नंबर काढायला घेऊन गेले, कारण दोन खेपांसाठी स्वतःचं डायनर दोनदा कोण बंद ठेवणार? नंबर लागोपाठचे मिळाले. फरक फक्त शेवटच्या आकड्याचा.

काय दिवस होते ते! शनिवारी डायनरच्या काउंटरमागे आम्ही अंडी फोडायचो आणि कुणाच्या हातून पिवळं फुटलं यावरून गुद्दागुद्दी करायचो. तेरा डिसेंबरला, संत स्ट्रातिसच्या दिवशी, आजोबांचा नि आमचा नामदिन एकदमच. तिघांत मिळून आजी बकलाव्याचा एकच ट्रे करायची. नामदिनाला कोणी कोणाला बोलावत नाही. दार सताड उघडं असतं, ज्याला यायचं तो येतो, आणि आलेल्याला परत पाठवायचं नसतं. रात्री आजोबा डायनरच्या टोप्या घालून आम्हा दोघांना पाहुण्यांच्या मध्ये बसवायचे. ते सुख मला पुन्हा कुठे मिळालं नाही, खोटं कशाला बोलू?

मोठेपणी डायनर लांब्याने चालवलं. मी आइस्क्रीमचं दुकान काढलं आणि सहा वर्षांत गुंडाळलं. नऊ वर्षांपूर्वी लांब्याची आई, माझी काकू, गेली. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला त्याने मला बाजूला घेऊन थोडे पैसे उसने मागितले. डायनर डबघाईला आलं होतं. मला वाइन चढली होती. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "दुकान मीही बंद केलं, पण एकही घेणेकरी माझ्या दारात आला नाही!" तो वळून पाहुण्यांना वाढायला गेला. त्या दिवसापासून आमचं बोलणं तुटलं. पुढे डायनर बुडालं आणि तो नॅशुआला राहायला गेला, हे दुसऱ्यांकडून कळलं.

आता त्याच्याच हातचं पत्र हवं होतं. फोन तो उचलणार नाही, म्हणून मी तेरा डिसेंबरची वाट पाहिली.

"बाबा, नामदिनाला कोणी भांडायला जातं का?" कातिना म्हणाली.

"भांडायला नाही, कागद आणायला चाललोय."

नॅशुआला त्याचं दार उघडंच होतं. केस पार पांढरे झालेले, पण उंची तेवढीच.

"ये, बुटक्या. आज हाकलता येत नाही म्हणून आलास ना?"

"हो."

"लबाड. लहानपणापासूनचा."

मी रिपोर्ट पुढे केला. वाचता वाचता तो लाल झाला. "अरे, मशीन मी परत केलं होतं! पोचपावती आहे माझ्याकडे." आत जाऊन त्याने फाइल आणली. नेणाऱ्या ड्रायव्हरची सही, तारीख, सगळं होतं. मग टेबलावरच त्याने पत्र लिहिलं: मशीन माझं, नंबर माझा, या चुलतभावाचा संबंध नाही. पाच मिनिटांत काम झालं.

"इतका टापटिपीचा कधीपासून झालास रे?" मी टोमणा मारला.

"तुझ्या फ्रीजरपासून."

"माझ्या कुठल्या फ्रीजरपासून?"

"आइस्क्रीमच्या. त्याचं भाडं थकवून दुकान बंद केलंस. एकतीसशे डॉलर. माझ्या रिपोर्टवर आले."

"पण ते लोक फ्रीजर घेऊन गेले होते! मला वाटलं, मिटलं."

"मिटलंच की. मी भरले."

"हरकत का नाही घेतलीस?" मी विचारलं.

"घेतली असती तर तुझ्या मागे लागले असते. कातिना तेव्हा सहा महिन्यांची होती. तुझ्याकडे दुधाला पैसे नव्हते, बुटक्या."

घेणेकरी माझ्या दारात आला नव्हता, कारण तो याच्या दारात जाऊन आला होता. आणि मी वर तोंड करून...

"त्या दिवशी का नाही बोललास? सगळ्यांसमोर?"

"आईचं जेवण होतं रे," तो म्हणाला. "तिथे कसलं भांडण काढायचं?"

तेवढ्यात दारातून शुभेच्छा देत लोवेलच्या चर्चमधली चार म्हातारी माणसं आत आली. चौघंही त्या जेवणाला होती. मला बघून ती थबकली. लांब्या कॉफी ठेवायला उठला. मी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं आणि स्वतः उभा राहिलो.

"ऐका," मी म्हणालो, आणि आवाज मुद्दाम चढवला. "माझं दुकान देणं ठेवून बंद झालं होतं. ते या माणसाने फेडलं. त्या दिवशी मी बोललो ते खोटं होतं."

लांब्याने मान खाली घातली, मग बाजूची खुर्ची माझ्याकडे सरकवली.