आर्डिथची हाक

"मारा ना हाक, आर्डिथताई. तुमच्याशिवाय कुणाला दाद देतात ती?" मदतीला आलेल्या हॉलिसनं ट्रकमधून रिकामी पोती खाली ओढली.

आर्डिथ झाडीकडे बघत राहिली. अमेरिकेतल्या मिसूरीच्या या डोंगरांत रानटर्की ही मोठी पाखरं पुन्हा नांदावीत म्हणून सरकारी पैदासशाळेत तिनं पिल्लं वाढवली होती, पानगळीत याच ओकच्या रानात सोडली होती. आता त्यांच्यात रोग निघाला होता. तो रानातल्या मूळ टर्कींना लागायच्या आत ही सगळी धरून मारायची, असा हुकूम होता.

"रानातली टर्की माणूस दिसला की पसार. ही मात्र गावातल्या शाळेच्या कुंपणावर बसून पोरांच्या डब्यातलं खातात! असं कसं हो झालं?" हॉलिसनं विचारलं.

"मला काय ठाऊक!" ती म्हणाली.

साफ खोटं. पिल्लं माणसाळू नयेत म्हणून दाणा पडद्याआडून टाकायचा, त्यांना माणूस दिसू द्यायचा नाही, चकार शब्द काढायचा नाही, असा तिथला नियम. पण ती पोरकी पिल्लं केविलवाणी ओरडू लागली की हिचा जीव तुटायचा. मग बाईसाहेब पडदा सारून आत! मक्याची भाकरी मांडीवर कुस्करून खुशाल गप्पा मारत बसायच्या. एकही पिल्लू दगावलं नाही म्हणून सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं, तेव्हाही तिनं तोंड उघडलं नव्हतं.

"या गं बायांनो, या!" शेवटी तिनं हाक मारली.

पाचोळा वाजला. पाखरं धावतच आली, तिच्या खिशात चोची खुपसू लागली. हॉलिसनं एकेक उचलून पोत्यात घातली. एकीनंही पंख झाडला नाही. आर्डिथला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हॉलिस पोती घेऊन ट्रककडे वळला, तोच मागे राहिलेली एक मादी झाडीतून निघाली.

"पळ, भवाने!" आर्डिथ दबक्या आवाजात ओरडली. मादी येतच राहिली. आर्डिथनं दगड भिरकावला. ती थबकली, मान तिरकी करून बघत राहिली. दुसरा दगड पायावर बसला. मादी कोलमडली, उठली आणि लंगडत सरळ तिच्याकडेच आली.

आर्डिथ खाली बसली. मादी तिच्या मांडीवर चढली. लाजेनं आर्डिथला वर बघवेना.

"हॉलिस," ती म्हणाली, "अजून एक पोतं आण. आणि ऐक, ही अशी माझ्यामुळं झालीत. पडदा मी सारायचे."

हॉलिस पोतं घेऊन आला. त्यानं पोत्याचं तोंड उघडं धरलं. मादीला आत तिनंच ठेवलं.