पेल्यातली नीला

बनशंकरीच्या देवळापलीकडे तेव्हा नुसती नाचणीची शेतं होती. त्या शेतांच्या कडेला, एका पत्र्याच्या मांडवात, दर शुक्रवारी बंगळूरची निम्मी दुःखं येऊन बसत. ज्याचं कुणी गेलं असेल त्याला सुगंधस्वामी ते माणूस परत भेटवत, वासाच्या रूपानं. देवीपुढे लिंबाच्या सालीत दिवा लावायचा आणि तसंच मांडवात शिरायचं, असा लोकांचा परिपाठच पडला होता.

त्या शुक्रवारी पाळी मथुराची होती. तिची सोळा वर्षांची नीला विषमज्वरानं गेली होती. स्वामींनी तिच्यापुढे दुधी काचेचा पेला ठेवला, आत ओतून गोठवलेली पांढरी मेणबत्ती. वात पेटली, भजन सुरू झालं.

"मी काही करत नाही, अक्का," स्वामी डोळे मिटून म्हणाले. "मी टपालवाला. हाक पोचवतो. लांबून यायचं असतं, स्वल्प वेळ लागतो."

आत्म्याला कुठून यायचं असतं कोण जाणे, पण भजनं संपत आल्याखेरीज तो कधी आला नाही, एवढं खरं. शेवटच्या भजनाला सोनचाफा दरवळला. नीला रोज वेणीत तेच फूल माळायची. मथुरानं हंबरडा फोडला आणि तिच्याबरोबर सगळा मांडव रडला.

स्वामींना चाफा कसा कळला, हे कुणी विचारलं नाही. आदल्या शुक्रवारी त्यांनीच तिला रिकामा पेला देऊन, लेकीचं आवडतं फूल त्यात घालून आणायला सांगितलं होतं. पण दुःखात माणूस आपण काय दिलं ते विसरतो, काय मिळालं तेवढंच धरून बसतो.

मग दर शुक्रवारी घरी लावायला मेणबत्ती मिळू लागली. नियम दोनच. जळून उरलेल्या मेणासकट पेला परत करायचा, नाहीतर आत्मा काचेत अडकतो. आणि अस्थी नदीत सोडायच्या नाहीत, त्या आहेत तोवरच पोरगी येणार. नीलाच्या अस्थींचं गाडगं अंगणातल्या चाफ्याला टांगलेलं होतं. दहा दिवसांच्या आत ते श्रीरंगपट्टणला न्यायचं, ही घरची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मथुराचा नवरा हणमंतराव टेलिफोनच्या कारखान्यात होता, शहाणा माणूस. पण बायकोला शुक्रवारपुरती का होईना लेक मिळते, हे पाहून त्यानं तोंड मिटलं. रोज सकाळी कामाला निघताना तो त्या फांदीखालून मान खाली घालून जायचा.

पुढे स्वामी महिनाभर यात्रेला गेले आणि मेणबत्त्या बंद झाल्या. मथुरा वेडीपिशी झाली. फडताळात परत करायचे राहिलेले पेले होते, तळाशी थोडं थोडं मेण. शेजारच्या गोजराबाईनं गावी जाताना आपलाही पेला ठेवायला दिला होता. तिचा मुलगा सयाजी लॉरीखाली गेला होता. मथुराचा हात काटकसरीचा, उरलंसुरलं वाया घालवणं तिला जमत नसे. नियम मोडतोय म्हणून ती आधी देवापुढे नाक घासून आली. मग सगळे पेले गरम पाण्यात ठेवून तिनं मेण सुटं केलं. आपलं कमी पडलं तेव्हा गोजराबाईचंही घातलं. सगळं एकत्र वितळवून एका पेल्यात ओतलं आणि मधे सुताची वात उभी केली.

मंगळवार होता. ना मंत्र, ना भजन. वात पेटली आणि थोड्याच वेळात चाफा आला.

"अहो, आली," मथुरा म्हणाली. हणमंतराव धावत आला.

दोघं बसून राहिली. मग चाफ्याच्या आडून दुसरा वास येऊ लागला. गुलाबाचा. सयाजीच्या कोटाला नेहमी गुलाब असायचा.

"सयाजीपण आला," मथुरा हळूच म्हणाली, आणि बोलता बोलताच तिला कळलं, वास मेणातच होता. नीला तिच्या हातून दुसऱ्यांदा गेली. हणमंतरावानं वात विझवली आणि तिच्याशेजारी बसून रडला.

स्वामी परतले. त्या शुक्रवारी मथुरानं नवी मेणबत्ती घेतली आणि भर मांडवात तिच्यात सुरी खुपसली. वर पांढरं मेण, बिनवासाचं, भजनं संपेपर्यंत पुरेल एवढं. खाली पिवळसर थर, अत्तर कालवलेला. न पेटवताच त्याला चाफ्याचा वास येत होता. तिनं तो तुकडा लोकांच्या हातात दिला. स्वामी पेले परत मागायचे ते याचसाठी, खालचं मेण घरात राहिलं तर कुणीतरी पेटवून बघेल.

"अविश्वासानं आत्मा आटतो, अक्का," स्वामी म्हणाले.

"आत्मा नाही, अत्तर आहे हे," मथुरा म्हणाली. "न बोलावता आलं."

लोक उठले. स्वामींची शोभा झाली, पण मथुराला कुणी शाबासकी दिली नाही. गोजराबाईनं तिचा दंड धरला. "काय मिळालं ग तुला? शुक्रवारचा तरी यायचा माझा पोरगा."

"मलाही ती हवी होती, गोजराक्का," मथुरा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाडगं तिनं स्वतः उतरवलं. श्रीरंगपट्टणला अस्थी सोडायला ती कावेरीत उतरली तेव्हा हणमंतरावानं तिचा हात धरला होता. रडू आलं ते खरं होतं. त्या रडण्याला कुणा टपालवाल्याची गरज लागली नाही.

बायांनो, बाप्यांनो, गेलेल्यासाठी रडा, पोटभर रडा. पण कुणी त्याला परत आणून देतो म्हणाला, तर आधी खालचा थर खरवडून बघा. मथुराच्या घरी आजही दिवे गेले की जुन्या पेल्यात चाफ्याचं अत्तर कालवून ओतलेली घरचीच मेणबत्ती लागते. चाफ्याचा वास येतो. ती त्याला चाफाच म्हणते, नीला नाही.