न पडलेली पाकळी

"बा देवा म्हाराजा, आज ही समस्त वाडी तुझ्या पायाकडे जमलेली आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"ही बाव बंद करूची काय नाय, तेचो कौल तुझ्याकडे मागतत..."

"व्हय म्हाराजा!"

सोमवारची सकाळ होती. आडबंदर नगरपंचायतीच्या सात नंबर वॉर्डातली दीडशे माणसं जुन्या विहिरीच्या काठावर श्वास रोखून उभी होती. विहिरीच्या कडेला गुडघाभर उंचीचा काळा दगड आहे, तो बावदेव. त्याच्या उजव्या खांद्यावर एक आणि डाव्या खांद्यावर एक अशा तगरीच्या दोन पाकळ्या पाण्याने चिकटवलेल्या होत्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. पिढ्यानपिढ्या या वाडीतली लग्नं, घरांचे पाये आणि मुंबईला जायचे दिवस या दोन पाकळ्यांनी ठरवलेले आहेत.

गाऱ्हाणं घालत होता मितेश. विहिरीला लागूनच त्याचं नवं लॉजिंग, आणि देवस्थान कमिटीचा तोच अध्यक्ष. दगडाशी मांडी घालून बसले होते नाथबाबा. जुने गुरव वारले तेव्हा हे तीन वर्षांपूर्वी वैभववाडीकडून आले. येताना एक पिशवी होती, आता तीन सेवेकरी आणि एक माइक आहे.

"बालकांनो!" बाबा माइकमध्ये म्हणाले. त्यांना मालवणी येत असे, पण देवाचं काम ते शुद्ध भाषेतच करीत. "हे जल नव्हे, हे तीर्थ आहे! या विहिरीच्या तळाशी एकवीस नद्या गुप्तरूपाने एकत्र येतात. प्राचीन ऋषींनी इथे व्हिटॅमिन सिद्ध केले होते!"

ऋषींचं आणि व्हिटॅमिनचं नातं कोणी विचारलं नाही. सगळ्यांची नजर पाकळ्यांवर होती. वारा नव्हता. पाच मिनिटं गेली, सात गेली. आणि डावी पाकळी सावकाश घसरली आणि खाली पडली.

"नको म्हणाला देव! बाव रवली!" एकच गलका झाला. बायांनी पदर पसरले, सेवेकऱ्यांनी बाटल्या भरायला घेतल्या.

गर्दीच्या मागे, हातात नगरपंचायतीची फाइल घेऊन एकटे उभे होते भाई केळुसकर, वॉर्डाचे नगरसेवक. फाइलमध्ये पाण्याच्या तपासणीचा अहवाल होता. विहिरीचं पाणी पिण्यास अयोग्य, त्यात मैला मिसळतोय. महिन्याभरात वाडीत अकरा जणांना कावीळ झाली होती. मैला कुठून येतो हे सांगायला ऋषी लागत नव्हते. लॉजिंगचा शोषखड्डा विहिरीपासून पंधरा पावलांवर होता. भाईंनी ती पावलं स्वतः मोजली होती.

काविळीवर उपाय म्हणून बाबा लोकांना काय देत होते? त्याच विहिरीचं पाणी.

"सीताबाय, जरा थांब," भाईंनी समोरून चाललेल्या बाईला हाक मारली. सीता त्यांची शेजारीण, परड्यात भाजी पिकवून विकणारी. तिच्या हातातही बाटली होती. "ऋताक कसा आसा?"

"डोळे हळदीसारखे झालेत, भाईनू. कालपासून उलटी. नुसती झोपान रवता."

"अगो, मग दवाखान्यातले डॉक्टर काय म्हणाले? ओरोसच्या मोठ्या हॉस्पिटलाक न्हेवक सांगितल्यानी ना? रिक्षा मी सांगतंय. आता चल."

"उद्या सकाळी तिचो कौल लावतले. देव जा म्हणालो तर जातलंय."

"पोरगी आठ वर्षांची गो! देवाक विचारीत बसाची वेळ आसा ही?"

तिने भाईंकडे अशी नजर टाकली, की त्यांना फाइल पाठीमागे लपवावीशी वाटली.

"दोन वर्सांमागे ह्याच देवान तुमका निवडल्यान, तेव्हा तो खरो होतो. आज माझ्या नातीचा सांगता तर खोटो?"

सीता निघून गेली.

खरं तर त्या वाक्यात भाईंचं सगळं राजकारण आलं होतं. गावच्या राजकारणात पक्ष नावापुरता असतो. वॉर्डात मतं चारशे बारा, आणि प्रत्येक मतामागे एक लग्न, एक बांध आणि एक जुनं भांडण. ते सगळं भाईंना तोंडपाठ. बारशाला पहिली पत्रिका त्यांना, मयताला पहिला फोन त्यांना. गटार तुंबलं तर भाई, दिवा गेला तर भाई, नवऱ्याने मारलं तरी भाईच. दिवसभर माणसांत असलेल्या या माणसाला "जेवलास काय?" असं विचारणारं मात्र घरात कोणी नव्हतं. बायको विनीता जाऊन तीन वर्षं झाली होती. मुलगी रश्मी डोंबिवलीला, रविवारी फोन करायची, तोही कुकरच्या शिट्ट्यांमधून.

विनीता गेली त्याच वर्षाअखेर निवडणूक आली. भाई उभं राहायला तयार नव्हते. समोर होत्या हायस्कूलमध्ये सायन्स शिकवून निवृत्त झालेल्या आनंदी मयेकर. तेव्हा मितेशने सुचवलं, देवालाच विचारू. बाबांनी कौल लावला आणि भाईंच्या नावावर उजवी पाकळी पडली. वाडी म्हणाली, देवाच्या शब्दाबाहेर कोण जाणार? मयेकर बाईंनी अर्ज मागे घेतला, भाई बिनविरोध आले. त्या रात्री रिकाम्या घरात भाई पहिल्यांदा शांत झोपले होते. घरात कोणी उरलं नसलं तरी देव आपल्या बाजूने आहे, या एका समजुतीवर त्यांनी दोन वर्षं काढली. माणूस एकटा पडला की कशाचाही आधार धरतो, त्यात भाईंना हसण्यासारखं काही नाही.

दुपारी विहिरीवर शुकशुकाट होता. गर्दी बाटल्या घेऊन घरी गेली होती, बाबा लॉजिंगच्या एसी खोलीत ध्यानाला बसले होते. भाई पुन्हा तिथे का गेले, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. कदाचित देवाशी भांडायला. ऊन रखरखत होतं. दगड हात लावू नये इतका तापला होता. आणि उजवी पाकळी अजून तिथेच होती.

भाई खाली वाकले. पाकळी सुकून चुरगळली होती, तरी दगड सोडत नव्हती. पाण्याने चिकटवलेली पाकळी इतक्या उन्हात केव्हाच गळायला हवी होती. त्यांनी नखाने ती उचलली. खालून पातळ, पांढरट पापुद्रा निघाला आणि नखाखाली कुरकुरला.

ती कुरकुर भाईंच्या ओळखीची होती.

रोज सकाळी ते स्वतःपुरती पेज करीत. तांदळाची मऊ, खारट पेज, सोबत चटणी. एकट्याने खायची आणि वाटी तशीच मोरीत ठेवायची. विनीता असताना वाटी लगेच धुतली जायची. आता संध्याकाळपर्यंत कोण बघतंय? संध्याकाळी वाटीच्या कडेला पेज सुकून घट्ट बसलेली असायची, नखाने खरवडावी लागायची. तीन वर्षं रोज त्यांनी हाच पापुद्रा खरवडला होता.

भाई तिथेच कठड्यावर बसले. सगळं एकदम उलगडलं. जी पाकळी पडायला हवी ती पाण्याने लावायची, जी राहायला हवी ती पेजेच्या निवळीने. देवाला काही करायचं ठेवलेलंच नव्हतं. मग दोन वर्षांपूर्वीची उजवी पाकळी? तेव्हाही हाच दगड, हाच बाबा, हाच मितेश. भाईंना लागलं, ते चोरी सापडल्याचं दुःख नव्हतं. आपल्या बाजूने कोणीच नव्हतं, हे त्यांना त्या दुपारी कळलं.

ते उठून थेट मयेकर बाईंच्या दारात गेले. दोन वर्षांत त्या दोघांत "बरा आसा ना?" यापलीकडे बोलणं झालं नव्हतं. भाईंनी रुमालात बांधलेली पाकळी पुढे ठेवली आणि सगळं सांगितलं.

बाईंनी चष्मा लावून पाकळी पाहिली. "भाई, हे उघड केलंत तर तुमचा कौलही गेला. माहीत आहे ना?"

"म्हायत आसा. म्हणानच आधी तुमच्याकडे इलंय."

बाई आत गेल्या आणि कपाटातून एक छोटी तपकिरी बाटली घेऊन आल्या. "आयोडीन. सातवीच्या पोरांना दरवर्षी दाखवायचे. भाताचं पीठ असेल तिथे निळंकाळं होतं, नसेल तिथे होत नाही. पण भाई, उद्यापर्यंत थांबायला नको. आत्ताच सीताकडे जाऊया."

दोघं गेली. सीताने दार अर्धंच उघडलं. "कौल झाल्याशिवाय नाय," एवढंच बोलली आणि दार लावलं. आतून ऋताच्या ओकारीचा आवाज येत होता. भाईंनी रिक्षावाल्याला सांगून ठेवलं, उद्या उजाडताच विहिरीपाशी उभा राहा.

मंगळवारी गर्दी दुप्पट होती. ऋता आजीच्या मांडीवर पडलेली, हातपाय सैल. मितेशने गाऱ्हाणं घातलं. मुलीला ओरोसला न्यावं काय? व्हय म्हाराजा! थोड्या वेळाने डावी पाकळी पडली.

"नको!" बाबा गरजले. "तीर्थ वाढवा! इंजेक्शनने नद्या कोपतील!"

"बाबा, जरा थांबा," भाई पुढे आले. मागून मयेकर बाई, हातात पांढरी बशी. भाईंनी खाली पडलेली पाकळी उचलली, दगडावरची खरवडून काढली आणि दोन्ही बशीत ठेवल्या. "देवाक कोण हात लावता रे?" कोणीतरी ओरडलं. भाई थांबले नाहीत.

बाईंनी दोन्हींवर एकेक थेंब टाकला. पडलेली पाकळी चहाच्या रंगाची झाली आणि तशीच राहिली. दुसरी बघता बघता निळीकाळी पडली. गर्दी पुढे सरकली.

"प्रकोप! देव निळे झाले!" बाबांनी प्रसंग सावरला.

"देव नाय, पेज," भाई म्हणाले. त्यांनी घरून आणलेल्या डब्यातली पेज बशीच्या कडेला ओतली. बाईंनी थेंब टाकला. तोच रंग. मग भाईंनी बाबांच्या मांडीआडची गंधाची वाटी उचलली. त्यात गंध नव्हतं. थेंब पडला आणि वाटी निळीकाळी झाली.

"केमिकल हा तेंचा! बाटलीतली जादू!" मितेश ओरडला. माणसं चुळबुळली. बाटलीवर विश्वास ठेवायचा तर बाबावरच का ठेवू नये, असं काहींच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात सीता उठली. ऋताला तिने मयेकर बाईंकडे दिलं, दुसरी वाटी मागितली, ताजी, थेंब न पडलेली. सेवेकऱ्याच्या पिशवीत झाकण लावलेली ती निघालीच. सीताने त्यात दोन बोटं बुडवली, अंगठ्यावर घासली, नाकाशी धरली.

"पेज आसा ही," ती म्हणाली. "पन्नास वर्सा चुलीर रटरटवतंय. माका पेज वळखूक कोणाची बाटली नको." मग बाबांकडे बघून तिचा आवाज फाटला. "माझा चेडू मरणाच्या दारात, आणि तू पेजेन कौल लावतंस, मेल्या?"

यावर कोणी व्हय म्हाराजा म्हटलं नाही. बाबा माइक तिथेच टाकून लॉजिंगकडे चालू लागले.

मितेशने शेवटचा वार केला. "भाई, मगे तुझो कौल? तोव पेजेचोच मा?"

"व्हय," भाई म्हणाले. "पेजेचोच. माका म्हायत नव्हता, पण मी विचारूकव नाय. माझ्या बाजून पडलो म्हणान माका गोड लागलो. तुमीय विचारूक नाय. देव तुमच्याकडे काय मागणा नाय रे, पण डोळे दिल्यान ते वापरा. दुखणा डॉक्टराक दाखवा, पाणी तपासून घेया, आणि माणूस निवडूचो आसा तर मत घाला. देवाच्या खांद्यार आपला ओझा टाकू नकात." त्यांनी खिशातून कागद काढला. "ह्यो माझो राजीनामो. मयेकर बाईंका मी फसवून हरवलंय. आता निवडणूक होवंदे."

टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. कोणी भाईंच्या नजरेला नजर दिली नाही. माणसं एकेक करून पांगली. सीता ऋताला घेऊन रिक्षात बसली आणि रिक्षा ओरोसच्या रस्त्याला लागली, एवढंच त्या सकाळी झालं.

पुढचं थोडक्यात. विहिरीवर जाळी बसली, शोषखड्डा बुजवला गेला, बाबा कोणत्या एसटीने गेले ते कोणाला कळलं नाही. पोटनिवडणुकीत आनंदी मयेकर निवडून आल्या, रीतसर मतांनी. भाईंचा फोन वाजायचा बंद झाला. बारशांच्या पत्रिका आता दुसऱ्या दारात जातात. वाडीतली काही माणसं अजून त्यांच्याशी बोलत नाहीत. बाबा खोटा निघाला याचा राग माणसाला बाबावर कमी आणि सांगणाऱ्यावर जास्त येतो. भाईंना हे ठाऊक होतं, तरी दुपारी ओसरीवर बसलं की ते लागायचं.

अशाच एका दुपारी ऋता आली. डोळे पांढरेशुभ्र, हातात मयेकर बाईंची तपकिरी बाटली.

"भाई आजोबा, बाईनी दिल्यानी. तुमच्याकडे काय काय निळा होता ता बघूचा आसा."

मग तासभर त्या घरात नुसता गोंधळ. बटाटा निळा झाला, तांदूळ झाला, मीठ झालं नाही, गूळ झाला नाही. शेवटी ऋता देवघरापाशी थांबली. तिथे विनीताचा छोटा पितळी गणपती होता.

"ह्येच्यार घालू?" तिने हळूच विचारलं.

"घाल."

थेंब पडला. दोघं वाकून बघत राहिली.

"काय नाय झाला."

"नाय होवचा. आता पूस तेका आणि जाग्यार ठेव. देवाक तपासलेला चलता, बाय. तेच्या नावान बोलणाऱ्याक मात्र तपासल्याबगर सोडू नको."

ऋताने फ्रॉकच्या टोकाने गणपती पुसला आणि ठेवला. मग तिची नजर मोरीकडे गेली. "ही वाटी सकाळपासून तशीच? आजी बघल्यान तर वरडतली."

"कोणाक, माका?" भाई म्हणाले आणि वाटी धुवायला उठले.