मोजणीआधी गेज बंद

“काका, उद्या पेपर पाठवतेय. आभारात पहिलं नाव तुमचं!” असं म्हणून पोरगी जवळजवळ नाचतच जेवायला गेली.

अंधाऱ्या खोलीत काका एकटे उरले. प्रयोगशाळेचे पंप सांभाळण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. महिनाअखेर निवृत्ती. पीएचडी करणारी ही पोरगी दोन वर्षं एका अजब स्फटिकाच्या मागे लागली होती. पोटातून वीज जाऊ देत नाही, पाठीवरून मात्र खुशाल पळू देतो, असा तो स्फटिक. त्याच्या पाठीला खेटून डोळ्यांना न दिसणारा एक ठिपका ठेवायचा, लेसरने चेतवायचा आणि किती वेळात विझतो ते मोजायचं. साध्या काचेपेक्षा स्फटिकावर तो उशिरा विझतो, असं तिला आढळलं होतं. केवढा आनंद झाला होता तिला!

काका स्फटिकाच्या निर्वात पेटीची खिडकी पुसायला वाकले. काचेवर तांबूस उजेड होता. पेटीतला दाब दाखवणारं गेज चालू होतं आणि त्याची तार तापून लाल झाली होती. दारावर त्यांच्याच अक्षरातली पाटी होती: मोजणीआधी गेज बंद.

हा माणूस असा, की घरचा नळ गळला तरी तारीख लिहून ठेवील. त्यांनी पंपाची वही उघडली. काचेच्या मोजणीला दाब फक्त आधी आणि नंतर टिपलेला होता, मध्ये गेज बंद. स्फटिकाच्या आठवड्यात पंप कुरकुरायला लागला, म्हणून त्यांनी तासातासाला दाब टिपला होता. म्हणजे गेज आठवडाभर चालूच! ठिपका विझल्यावरही यंत्र मोजत राहिलं होतं तो तारेचा उजेड.

त्यांनी घरी फोन लावून सगळं सांगितलं.

“गप्प बसा की,” बायको म्हणाली. “ती वही तुमच्याशिवाय बघतंय कोण? इतक्या वर्षांत कुणी बोट दाखवलं नाही, आणि आता जाता जाता नाव घालवणार?”

“अगं, पण ती पोरगी जन्मभर हेच सांगत फिरेल.”

“डबा तरी खाऊन घ्या आधी,” ती शेवटी म्हणाली.

डबा काही उघडला गेला नाही. पोरगी परत आल्यावर त्यांनी वही तिच्यापुढे धरली. “घाण करून ठेवलीय मी.”

तिने वाचलं. चेहरा उतरला. “काका, सगळ्यांना सांगून झालंय हो!”

“तुझ्या गाइड मॅडमना मी सांगतो. चूक माझी आहे.”

तिने डोळे पुसले, उठून गेज बंद केलं. “पण मध्येच पंपाने दगा दिला तर? कळणार कसं? स्फटिक वाया जाईल.”

“मी आहे ना.”

काकांनी पंपाशेजारी स्टूल ओढलं आणि थरथर बिघडली तर कळावी म्हणून पंपावर तळहात टेकवला. मोजणी चार तास चालली. हात बधिर झाला, तेव्हा त्यांनी दुसरा टेकवला.

“उलटंच निघालं, काका,” पोरगी पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. “काचेपेक्षा लवकर विझतोय.”

“मग पेपर?”

“पहिल्यापासून लिहायचा.”

काकांनी वही ओढली. दाबाच्या रकान्यात आजवर आकडा चुकला नव्हता. तिथे त्यांनी लिहिलं: गेज बंद. हात ठेवून होतो.