चोरीचा पाट

नेरुळच्या त्या बारा मजली सोसायटीत लिफ्टशेजारची फळी सातव्यांदा चोरीला गेली, तेव्हा सेक्रेटरी नंदकुमार यांचा पारा चढला. फळी साधीसुधी नव्हती. अस्सल सागवानी, आणि वर खोदलेलं, 'कामवाल्या बायकांनी जिना वापरावा.' सीसीटीव्ही बघून बघून त्यांचे डोळे सुजले, चोर काही दिसेना. "रविवारपर्यंत चोर सापडला नाही, तर सगळ्या बायकांचे गेटपास रद्द!" त्यांनी जाहीर करून टाकलं.

चोर कोण, हे नवव्या मजल्यावर त्यांच्याच घरी स्वयंपाक करणाऱ्या वेणूबाईंना पक्कं ठाऊक होतं. पहिली फळी त्यांनीच नेली होती, तीही धुवायला नेते म्हणून सेक्रेटरींच्याच गोधडीत गुंडाळून. साठीला टेकलेल्या गुडघ्यांनी रोज नऊ मजले किती दिवस चढावेत? मग बाकीच्या सहा जणींनी तीच वाट धरली. शेजारच्याच शिरवणे गावात वेणूबाईंचा मुलगा हरेश सुतारकाम करायचा, त्याने फळ्यांना पाय ठोकले. सातही घरी झकास पाट झाले. पण आता सहा जणींच्या पोटावर पाय येणार होता, आणि वेणूबाईंना घास गोड लागेना.

रविवारी नेमका सेक्रेटरींचा पन्नासावा वाढदिवस. कमिटी जमली, निरांजन लागलं, आणि त्यांच्या बायकोच्या, वैजयंतीताईंच्या लक्षात आलं की औक्षणाला पाट नाही. बारा मजल्यांत विचारून झालं. सोफे ढीगभर, पाट एकाही घरी नाही!

"माझ्या घरी हाय," वेणूबाई म्हणाल्या आणि जाऊन घेऊन आल्या.

रांगोळी निघाली. नंदकुमार मांडी घालून बसले, ओवाळून घेतलं, आणि पेढा चघळत म्हणाले, "काय वेणूबाई, आज शेवटचा दिवस. चोर कोण?"

"उठा साहेब, दाखवते."

त्यांनी पाट उलटा केला. कमिटीने वाकून खालची खोदलेली अक्षरं वाचली, 'कामवाल्या बायकांनी जिना वापरावा.'

"पयली मीच चोरली. पास माझा घ्या, त्या सहा जनींचा नको. पन येक सांगा. माझ्या सासऱ्याच्या भातशेतावर तुमी बारा मजले चढवले, आमी कवा चोर बोल्लो तुमाला? आन् तुमच्या फळीवर आमी जेवाया बसलो, तर लगेच चोर?"

हसू आधी फुटलं ते वैजयंतीताईंना.

"पास कुणाचाच जाणार नाही," त्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या. "आणि आठवी फळी लागलीच, तर ती मी चोरेन. वेणूबाई, पाट तेवढा ठेवून जा. यांना रोज त्याच्यावरच जेवायला वाढते."

"नाय ताई. पाट माझा हाय."

वेणूबाईंनी पाट काखोटीला मारला, पदर खोचला आणि ताठ मानेने लिफ्टचं बटण दाबलं.